खंडेनवमीला बसलेला माग

तारीख मी ठरवली होती. आमच्या घरात ही गोष्ट कोणीही सांगायला घेतली तरी पहिलं वाक्य हेच असतं, म्हणून मीच ते लिहून टाकतो. विज्ञान, अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञानाचा सार्वजनिक उत्सव भरवायचा, गावातली यंत्रं एका मैदानात आणायची आणि लोकांना ती चालताना दाखवायची, असं आमच्या कॉलेजातल्या देसाई सरांच्या मनात आलं, तेव्हा मी तिथल्या वर्कशॉपमध्ये नुकताच मदतनीस म्हणून लागलो होतो. सरांनी मला दिवस सुचवायला सांगितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, दसऱ्याच्या सुट्टीतला एक दिवस हेरला आणि म्हणालो, सर, खंडेनवमीला घेऊया. शाळा बंद, मैदान मोकळं, आणि पोरं घरात बसून आईबापाचं डोकं खात असतात. सर खूश झाले. कमिटीतले बाकीचे प्राध्यापकही खूश झाले, कारण त्यांच्याकडे त्या दिवशी पुजायला फार तर एक पेन आणि एक स्कूटर. पोरं मोकळी असतील एवढं मी पाहिलं. यंत्रं मोकळी नसतील, हे मात्र वडगावात, चार यंत्रमागांच्या घरात, त्यांच्या खडखडाटात पाळण्यात झोपून वाढलेल्या माझ्या डोक्यात आलं नाही.

आमच्याकडे खंडेनवमीला माग बसतो. आदल्या संध्याकाळी बटण बंद करायचं, मागावर साठलेलं कापसाचं भुसकट झाडायचं, तेलाचे ओघळ पुसायचे, आणि सकाळी झेंडूचा हार, हळदीकुंकू, नारळ, कोहळा. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सोनं वाटून होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. माझ्या लहानपणी वर्षातला हा एकच दिवस असा असे की आई स्वयंपाकघरात पुटपुटली तरी पुढच्या सोप्यात ऐकू येई, आणि आम्हा भावंडांना त्या शांततेची भीती वाटे. घरात कोणीतरी आजारी आहे आणि आपल्याला सांगितलेलं नाही, असं काहीतरी. आता वडगावातून स्कूटरवरून जाताना कितीतरी गल्ल्या रोजच तशा गप्प असतात. माग भंगारात गेले, त्या जागी कुणी झेरॉक्स काढतं, कुणी मोबाईलची कव्हरं विकतं. तेव्हा मात्र आमची गल्ली सकाळपासून दिवेलागणीपर्यंत खडखडत असायची, आणि माणसं एकमेकांशी साधं बोलायची तेसुद्धा नदीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसं.

या आवाजात माझी बायको स्वाती निपाणीहून आली. बी.एस्सी. झालेली, वर्षभर तिकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवलेली. तिच्या माहेरी घड्याळाची टिकटिक ऐकू येते, हे मी स्वतः ऐकलेलं आहे. आमच्याकडे पहिला आठवडा तिला वाटत होतं की सासू-सासऱ्यांचं काहीतरी मोठं बिनसलंय. मग कळलं, ते आमटीत मीठ कमी आहे का, एवढंच विचारतात. मधल्या खणात माग, त्यालाच लागून चूल, त्यामुळे भाकरीत एखादा कापसाचा तंतू निघायचा आणि तो ताटाच्या कडेला ठेवून सगळे जेवत राहायचे. स्वातीही शिकली. आईच्या शेजारी बसून कांड्या भरायला लागली. कांडी म्हणजे धोट्यात, धाग्यांमधून इकडून तिकडं पळणाऱ्या लाकडी तुकड्यात, बसणारी सुताची नळी. माग त्या भराभर खातो आणि कोणीतरी त्या सतत भरत राहावं लागतं. तिनं दोनतीनदा शाळेत नोकरी बघण्याचा विषय काढला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कधी नाही म्हटलं नाही. ते म्हणायचे, "बघू." आप्पांचं बघू मला ठाऊक होतं. चौथीत असताना मी सायकल मागितली होती, तिचंसुद्धा अजून बघणं चाललेलं होतं.

उत्सवाची बातमी मी घरी आणली तेव्हा सगळ्यात आधी कान टवकारले ते स्वातीनं. आमचा एक माग मैदानात न्यायचा, आणि तो कसा चालतो हे ती लोकांना समजावून सांगणार, असं ठरलं. हे ठरण्यामागं कारण होतं. मुलींच्या एका शाळेत कामतबाई म्हणून मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या विज्ञानाच्या शिक्षिका दिवाळीनंतर नोकरी सोडून जाणार होत्या. स्वाती त्यांना भेटून आली होती, तर बाईंनी कागद बघितलेच नाहीत. म्हणाल्या, पदव्या सगळ्यांकडे असतात, मी उत्सवाला येते, तू त्या मागापुढं उभी राहून पोरांना कसं समजावतेस ते ऐकते, मग बोलू. तेव्हापासून स्वाती, जिची आमच्याकडची ही पहिलीच खंडेनवमी होती, कांड्या भरता भरता भाषण पाठ करू लागली. माग संथ चालवायचा, मध्येच थांबवायचा, धोटा कुठून कुठं गेला ते दाखवायचं, पुन्हा चालवायचा, असं सगळं तिनं बसवलेलं. मागाच्या आवाजावर आवाज चढवून ती म्हणायची, त्यामुळे शेजारी बसलेल्या आईलाही ते तोंडपाठ झालं. चालवायचा तो सोनं वाटल्यावरच, हे तिनं मनाशी धरलेलं असावं. एकदा दळण आणायला गेलेली आई गिरणीत बायकांना ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, यांतला फरक शास्त्रशुद्ध भाषेत सांगत होती म्हणे.

यंत्रं गोळा करायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते इतकं सोपं गेलं की मला स्वतःचा अभिमान वाटायला लागला. लेथवाले शिवाजीअण्णा एरवी साधा पाना उसना देत नाहीत. ते म्हणाले, लेथ मी स्वतः घेऊन येतो, तू टेम्पोचं बघू नको. येळ्ळूरच्या गिरणीवाल्यानं पिठाची चक्की कबूल केली, कंग्राळीच्या रसवाल्यानं उसाचा चरक. आणि आमचे आप्पा, जे मागाला परक्याची सावली पडू देत नाहीत, त्यांनी आपण होऊन चार हमाल सांगून ठेवले. मला वाटलं, नोकरी लागल्यावर माणसाच्या शब्दाला वजन येतं ते असं. मी प्रत्येक दारात एकच वाक्य बोलत होतो: खंडेनवमीला कॉलेजच्या मैदानात सगळी यंत्रं एका ठिकाणी आणायची हायत, मोठा उत्सव हाय, सायेब येणार हायत. कोणी एक प्रश्न विचारला नाही. कसा विचारतील? खंडेनवमीला यंत्रं एकत्र आणून उत्सव करायचा म्हणजे काय करायचं, हे विचारावं लागतं का?

त्या सकाळी मी अंघोळ करून तसाच मैदानावर गेलो. घरी आई कडबूंचं सारण ढवळत होती, कटाच्या आमटीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत आला होता, आणि मी मात्र खिशात मूठभर भडंग कोंबून निघालो, कारण उद्घाटनाला बोलावलेले सरकारी सायेब नऊला येणार होते. मैदानात शिरलो तर उदबत्तीचा वास. लेथच्या दोन्ही अंगांना केळीचे खुंट बांधलेले. चक्कीला झेंडूचा हार, चरकाला हार, त्यांच्यापुढं कुंकू भरून फोडलेले कोहळे, नारळाची भकलं, आणि प्रत्येक यंत्राशेजारी नवे कपडे घालून बसलेलं एकेक कुटुंब. देसाई सर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, काय सजावट करून घेतलीस रे. मी हसलो. त्या क्षणापर्यंत मलासुद्धा ती सजावटच वाटत होती.

सायेब आले. फीत कापण्याऐवजी त्यांनी लेथचं बटण दाबून उद्घाटन करायचं, ही सरांची कल्पना. सायेबांनी बोट पुढं केलं आणि शिवाजीअण्णांनी ते वरच्यावर धरलं. अगदी आदरानं, दोन्ही हातांनी, नवस बोलायला आलेल्या माणसाचा हात धरावा तसं.

"सायेब, आज न्हाय. उद्या सोनं वाटून झालं की या. मी सोता चालू करून दाखिवतो."

सायेबांनी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे बघितल्यावर पुढं बघायला कोणी नव्हतं. मी अण्णांना बाजूला घेऊन समजावलं, की हा विज्ञानाचा उत्सव आहे, यंत्रं चालवून दाखवायची आहेत. अण्णा माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले, जसं काही मी लहानपणी डोक्यावर पडलेलं पोर आहे हे त्यांना आजच कळलंय. म्हणाले, मग खंडेनवमीला कशाला बोलावलास? मी चक्कीकडे पळालो. तिथंही तेच. चरकवाल्यानं तर मला प्रसाद दिला आणि पाया पडायला लावलं. शेवटी मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबकडे धावलो, की निदान तिथं काहीतरी चालू असेल. सगळ्या मॉनिटरांवर कुंकवाची बोटं, वर पांढरी चादर, आणि दारात लॅबचा शिपाई स्टूल टाकून बसलेला. मला बघताच म्हणाला, "इवत्तु मुट्टबारदु री." आज हात लावायचा नाही. हे मला त्या सकाळी दोन भाषांत सांगून झालं होतं, आणि इंग्रजीत सांगायला सायेब होतेच.

एवढ्यात आप्पा आले. शेजारच्या माणसाच्या स्कूटरवर मागं बसून, एका हातात पूजेचं ताट, दुसऱ्या हातात कडबूंचा डबा. पाठोपाठ रिक्षातून आई आणि स्वाती. मी धावत जाऊन म्हणालो, आप्पा, निदान आपला तरी माग चालू करू, पूजा संध्याकाळी करा. आप्पांनी मागाला हळद लावली, कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला, आणि मग माझ्याकडे वळले.

"घरात चार मागांपैकी तिघांची पूजा केली. चौथा हितं आणलास, तर त्याला उपाशी ठेवू व्हय?"

"आप्पा, पण लोक तो चालताना बघायला आलेत."

"बघू देत की. बसलाय कसा झकास, बघ."

मी वाद घातला. माझ्या आयुष्यात मी आप्पांशी घातलेला तो सगळ्यात मोठा वाद, आणि तो मी झेंडूच्या हाराला टेकून घातला. म्हटलं, बाहेर बघा, हार घातलेली बस चालली आहे, हार घातलेला ट्रक चालला आहे, मंडपवाल्याचा स्पीकर सकाळपासून कोकलतोय, त्यालाही हार आहे. सगळ्यांचं चालतं आणि आपलंच कसं चालत नाही? आप्पा म्हणाले, ज्याचा त्याचा सण. त्यांचा त्यांना, आपला आपल्याला. मी आजही कधीकधी अंघोळ करताना यावर उत्तर शोधतो. आमचा मुलगा म्हणतो, बाबा, आजोबांचं बरोबर होतं. त्याला काय जातंय म्हणायला, त्याच्या मागं देसाई सर उभे नव्हते.

सर उभेच होते. त्यांच्या डोळ्यांसमोर भरलेलं मैदान, आणि त्यात यंत्रांनी भरलेला, एकही यंत्र हलत नसलेला तंत्रज्ञानाचा उत्सव. लोक मात्र मजेत होते. या यंत्रापासून त्या यंत्रापर्यंत हात जोडत फिरत होते, प्रसाद घेत होते, कोणी चक्कीला प्रदक्षिणा घालत होतं. सायेब सावलीत बसून कडबू खात होते. आईनं त्यांना आग्रह करून तिसरा वाढला होता. आणि मैदानाच्या फाटकातून कामतबाई आत येत होत्या.

मी स्वातीकडे बघितलं. ती मागापुढं उभी होती, हातात छडीसारखी लांब काठी, धोटा दाखवायला आणलेली. तिचं सगळं भाषण चालणाऱ्या मागावर उभं होतं. तिचा चेहरा उतरलेला नव्हता, घट्ट मिटलेला होता, आणि तिचं तसं झालं की मी दोन पावलं मागं सरतो. मी म्हटलं, मी बाईंना सांगतो, पुन्हा कधीतरी या. ती म्हणाली, "त्या पुन्हा कशाला येतील? दुसरी कोणीतरी मिळेल त्यांना." मग तिनं मागाकडे बघितलं, मैदानात हुंदडणाऱ्या पोरांकडे बघितलं, आणि टेम्पोवर माग बांधून आणलेला लांब दोरखंड मागाच्या पायाशी पडला होता, तिकडे बघितलं.

तिनं हाक मारली. मंडपवाल्याचा स्पीकर चालू होता, पण त्याची तिला गरज नव्हती आणि त्याचा अडथळाही नव्हता; आमच्या मधल्या खणात वर्ष काढलेल्या बाईला एवढा आवाज म्हणजे काहीच नव्हे. पोरं गोळा झाली. तिनं ती एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभी केली. एक सोडून एक पोरगं एक पाऊल पुढं, बाकीची एक पाऊल मागं. म्हणाली, तुम्ही सगळे ताणा. म्हणजे मागावरचे उभे धागे. तुमच्यामध्ये ही जी वाट झाली ना, तिच्यातून धोटा पळतो आणि जाताना मागं सूत सोडतो. मग माझ्याकडे वळून दोरखंडाचं वेटोळं माझ्या हातात दिलं.

"पळा."

"मी?"

"मग काय, सायेब पळतील?"

मी पळालो. वर्कशॉपचा मदतनीस, उत्सवाचा अर्धा कर्ता, नवा सदरा घातलेला, पोरांच्या मधल्या वाटेतून वाकून दोरखंड सोडत त्या टोकाला गेलो. स्वातीनं काठी आपटली. पुढची पोरं मागं, मागची पुढं. "परत या." परत आलो. काठी. पुन्हा पोरं बदलली, पुन्हा मी. भोवती गर्दी वाढली. चक्कीला प्रदक्षिणा घालणारे आले, शिवाजीअण्णा आले, शिपाई लॅबच्या दाराला कुलूप घालून आला. प्रत्येक फेरीला लोक "आला, आला" म्हणून ओरडायचे, आणि खिशातलं भडंग उडून वाटभर सांडत होतं, ते पायाखाली कुरकुरत होतं. दोर मात्र ढिला पडून पोरांच्या गुडघ्यांशी, कमरेशी कुठंही लोंबायला लागला.

तेव्हा आप्पा उठले. पूजा झाल्यापासून मागाशेजारी खुर्ची टाकून बसलेले आप्पा. पोरांच्या ओळीत शिरून दोन्ही हातांनी दोर खाली दाबायला लागले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. स्वातीनं लगेच लोकांना सांगितलं, ही बघा फणी, प्रत्येक फेरीनंतर ही सूत ठोकून घट्ट बसवते. मी धापा टाकत म्हणालो, आप्पा, आज हात लावायचा नाही ना?

"मागाला लावायचा न्हाय. पोरांना लावायला कुणाची भीती? पळ तू, थांबू नको."

पुढं किती फेऱ्या झाल्या ते विचारू नका. अखेर स्वातीनं काठी वर धरली आणि ओळीतल्या पोरांना म्हणाली, आता सुटा बघू यातून. पोरांनी ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं, बसून पाहिलं. एकालाही सुटता येईना. ती म्हणाली, खळ नाही, गाठ नाही, डिंक नाही. प्रत्येकजण शेजाऱ्याच्या उलट उभा राहिला आणि मधून एकच दोर गेला, एवढ्यावर तुम्ही धरले गेलात. अंगावरचा सदरा बघा, तो असाच धरलेला आहे. पोरं खरंच आपापल्या सदऱ्याकडे डोळे बारीक करून बघायला लागली. मोठी माणसंही. सायेबांनी हातातला कडबू खाली ठेवून शर्टाची बाही डोळ्यांजवळ नेली, ते मी पाहिलं.

पोरांना सोडवायला मात्र बराच वेळ गेला, आणि ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी गुंता काढत असताना कामतबाई आप्पांपाशी गेल्या. त्या काळची रीत तीच. सुनेला विचारण्याआधी सासऱ्याला विचारायचं. म्हणाल्या, दिवाळीनंतर हिला शाळेत पाठवाल का? माझे हात थांबले. स्वाती काठीला लागलेला धागा काढण्यात गढल्यासारखं दाखवत होती, आणि त्या काठीला धागाबिगा काही लागलेला नव्हता. मी आप्पांच्या तोंडून बघू ऐकायची तयारी केली.

आप्पा हात झटकत होते. दोरानं तळवे लाल झाले होते. म्हणाले, "मला काय इचारतासा बाई? मला पोरांच्यात फणी करून उभं केलं, तवा हिनं कुणाला इचारलं? तिलाच इचारा."

बाईंनी तिला विचारलं. तिनं होय म्हटलं, आणि मागाच्या आवाजात म्हणावं एवढ्या मोठ्यानं म्हटलं.

घरी पोचलो तेव्हा तिन्ही माग हार घालून गप्प बसले होते आणि आमच्याआधीच परतलेली आई दारात आमची दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेऊन उभी होती. माझ्या पायांत गोळे आले होते, नव्या सदऱ्याची बाही खांद्यातून उसवली होती, आणि देसाई सर उद्या मला काय म्हणतील याची मला कल्पना होती. तरीही मी सोप्यात पाय पसरून बसलो आणि वाट बघू लागलो. इतकं पळालो म्हटल्यावर माणसाला काही ऐकायची इच्छा असते. स्वाती चहा घेऊन आली आणि समोर बसली. मी म्हटलं, काय मग, कसं झालं?

ती म्हणाली, "मधल्या एका फेरीत तुम्ही दोन पोरं एकदम सोडून गेलात. कापडात तिथं भोक पडलं असतं."